जुन्या गाडीचं जास्तीचं वजन

बोईसरच्या वजनकाट्यावर जुनी मोटरहोम चढवली आणि आकडा बघून मी चक्रावलोच. गाडी माझ्याच वर्कशॉपमध्ये बांधलेली. मिनीबसच्या चॅसिसवर, म्हणजे नुसत्या सांगाड्यावर, मी बेड, ओटा, सिंक बसवलं होतं. तिचं वजन मला तोंडपाठ. मग हे दोनशे किलो जास्त कुठून आले?

गाडी माझ्या मित्राची, अरविंदची. तो गेल्या वर्षी गेला. मुलाने आता नवी मोटरहोम आणली होती, आणि तारापूरच्या त्यांच्या चिकूच्या वाडीत शेड एकच.

"भाऊ, दोन्ही चालवून बघा," वहिनी म्हणाल्या होत्या. "जुनी जराशी जरी चांगली निघाली तर तीच ठेवीन."

मलाही तेच हवं होतं.

टेस्ट सोपी असते. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, जव्हारचा घाट चढून यायचं, पुन्हा तेवढीच भरायची. किती किलोमीटरला किती डिझेल लागलं, ते मायलेज. जुनीने लिटरला सात दिले, नवीने अकरा. एवढा फरक मला पटेना, म्हणून तर काट्यावर आलो होतो.

मागची पाण्याची टाकी उघडली. काठोकाठ भरलेली. वहिनींना फोन लावला.

"पाणी कोणी भरलं?"

"मीच. आमच्या विहिरीचं. घरचं पाणी घेतल्याबिगर ती गाडी कधी निघालीय का? बाहेरचं पाणी ते प्यायचेच नाय."

"आणि नवीत?"

"तिच्यात कशाला भरू?"

मला हसू आलं आणि आशाही वाटली. टाकी रिकामी करून पुन्हा घाट गाठला. साडेसात. नवी थर्ड गिअरमध्ये आरामात चढली होती, ही सेकंडमध्येही रडकुंडीला आली.

वाडीत दोघं मायलेक वाट बघत होते. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"नवीच चांगली, वहिनी. सगळ्या बाबतीत."

"आई, मी बोललो होतो ना," मुलगा म्हणाला.

"मग विका," वहिनी म्हणाल्या. "पण आज नाय. आज मला तिच्यातनं घाटात न्या."

घाटात सेकंड टाकला. केबिनमध्ये इतका आवाज, की बोललेलं ऐकू येईना. वहिनी ओरडून म्हणाल्या, "इथं आलं की ते गाणं म्हणायचे! बेसूर! मला ऐकू जाणार नाय असं वाटायचं त्यांना!" आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही अरविंद फार हवासा वाटला.

पुढच्या आठवड्यात गाडी विकली. दोन गाड्यांची तुलना करायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला आता मी आधीच विचारतो, तुम्हाला कुठली जिंकायला हवीय? आकडा त्याने बदलत नाही. सांगताना आवाज जरा खाली ठेवता येतो, इतकंच.