नबिलाचं जॅकेट आणि फहदची रायफल

नबिला परकार हिला मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सात वर्षं आम्ही एकाच दुकानात एकाच काउंटरच्या दोन टोकांना उभे राहिलो, एवढंच. तिला भावंडं किती, तिला काय खायला आवडायचं, मागच्या खोलीत नमाजाला जायची तेव्हा ती कुणासाठी काय मागायची, यातलं काहीच मला ठाऊक नाही. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचा, उझमाचा, मेसेज आला. ती इथेच दुबईत, सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते आणि हल्लीच्या मुलांसारखी इंग्लिशमध्येच लिहिते. "अंकल, हाउ वॉज ममा ॲट वर्क?" मी "व्हेरी गुड वर्कर" एवढंच उत्तर पाठवलं. मग दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मी तिच्या आईवर सात वर्षं जळत होतो, हे मेसेजमध्ये कसं लिहिणार होतो?

मला लिहायची सवय नाही. आजवर रजेचे अर्ज लिहिले आणि वसईला बायकोला, कॅरलला, थोडी पत्रं लिहिली. तीही फोन स्वस्त झाल्यावर बंद झाली. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं दुकान दुबईत, शिकारीच्या सामानाचं. बंदुका, दुर्बिणी, तंबू, ससाण्यांच्या डोक्यावरच्या चामड्याच्या टोप्या. मी तिथे तीस वर्षं काढली, पण आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. मात्र कोणतं काडतूस दोनशे मीटरवर किती खाली पडतं, कोणत्याचा धक्का किती, कोणतं कोणत्या जनावराला पुरतं, हे मला तोंडपाठ होतं. घरी कॅटलॉग नेऊन पाठ केलं होतं. त्यापलीकडे माझ्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं.

आणि एक होते अबू फहद, म्हणजे फहदचे वडील, माझं सगळ्यात जुनं अरब गिऱ्हाईक. १९९८ साली त्यांनी पहिली मोठी रायफल माझ्याकडून घेतली, त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. मिठाई घेऊन ते दुकानात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फहद बडा होगा तो उसका पहला रायफल भी टोनी देगा. खलास." ते बोलून विसरले असतील. मी विसरलो नाही. दर वर्षी ते यायचे तेव्हा मी मनात मोजायचो, फहद आता बारा, आता सतरा. निवृत्त होण्याआधी हे एक काम माझ्या हातून व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

नबिला आली ती चष्म्याच्या दुकानातून. मूळची म्हसळ्याची. नवरा अर्सलान रास अल खोरच्या फळबाजारात, एका शीतगृहात कामाला. मॅनेजरने तिला काउंटरच्या दुसऱ्या टोकाला, रायफलवर बसवायच्या दुर्बिणी विकायला घेतलं. मला वाटलं, बाई आहे, दोन महिन्यांत कंटाळून जाईल. रायफलच्या नळीला ती पहिल्या आठवड्यात "पाइप" म्हणाली होती. मी कॅरलला फोनवर सांगून हसलो होतो.

पण ती गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि म्हणायची, "अब खांदे पे लो. अब आँख खोलो. क्या दिखता है?" गिऱ्हाईक म्हणायचं, कडेला काळं दिसतंय. मग ती दुर्बीण नखभर पुढेमागे करायची. "चष्म्याला बसायला नाक असतं, अंकल," ती मला म्हणाली, "दुर्बिणीला नसतं. तिचं नाक आपणच शोधायचं." मला ते बोलणं इतकं आवडलं की राग आला. तीस वर्षांत मला असं एक वाक्य सुचलं नव्हतं.

मग तिने ते जॅकेट आणलं. अर्सलानला शीतगृहात घालायला कंपनी देते तसलं, त्याचं जुनं, निळं, गादीसारखं जाड, संत्र्यांच्या पेट्यांचा वास मारणारं. इथे शिकारीला बंदी आहे, आमची गिऱ्हाइकं शिकारीला बाहेर जातात, किरगिझस्तान, हंगेरी, कुठे कुठे. रायफल घेतात मात्र इथे, ऑगस्टच्या उन्हातून येऊन, पातळ कंदुरा, इथला लांब पांढरा झगा, अंगावर असताना. पातळ कपड्यात रायफलचा मागचा दस्ता खांद्याला नेमका बसतो. डोंगरावर जाड जॅकेट घातलं की रायफल तेवढी पुढे सरकते, डोळा मागे राहतो, आणि दुर्बिणीत अर्धं काळं दिसतं. ही गोष्ट तीस वर्षांत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. तिच्या आली, कारण तिचा नवरा रोज तसलं जॅकेट घालून घरी यायचा आणि मुलगी लहान होती तेव्हा त्यात त्याला तिला नीट उचलूनही घेता यायचं नाही.

मोठमोठे लोक ते संत्र्याच्या वासाचं जॅकेट घालून दुकानातल्या गालिच्यावर पालथे झोपायचे आणि हसायचे. डोंगरावर झोपूनच गोळी मारावी लागते, म्हणून ती झोपवायची. सहा महिन्यांत लोक दारातूनच विचारायला लागले, "वेन नबिला?" नबिला कुठे आहे? मी समोर उभा असायचो.

ती वाईट वागली असती तर मला बरं वाटलं असतं. पण कॅलिबरचा, म्हणजे कोणत्या मापाचं काडतूस घ्यायचं याचा, प्रश्न आला की ती गिऱ्हाइकासमोर मला हाक मारायची. "वो अंकल को पूछो. अंकल को सब पता है." हे ऐकलं की मला वाटायचं, मला भीक घालतेय. कॅरल फोनवर म्हणाली, "टोनी, तू त्या पोरीवर जळतोयस." मी म्हटलं, छे, कामाचं बोलतोय. ती म्हणाली, "मग रोज तिचंच का बोलतोस?"

आणि फहदचा दिवस आला. अबू फहदनी आधी फोन केला, उद्या मुलाला आणतो, पुढल्या महिन्यात किरगिझस्तानला जायचंय, डोंगरी बोकडाच्या शिकारीला. तो दिवस माझा होता. मी त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी नबिलाचं जॅकेट खुंटीवरून काढलं आणि स्टोअरमध्ये, बंदुका पुसायच्या फडक्यांच्या खोक्याखाली दडपून ठेवलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने. लिहितानाही लाज वाटते.

सकाळी ती खुंटीकडे बघत म्हणाली, "अंकल, जॅकेट कुठंय?"

"लाँड्रीत दिलं. वास येत होता."

"आजच?"

"लोक नाक मुरडतात, नबिला."

ती वळून आपल्या टोकाला गेली.

फहद पंचवीस वर्षांचा, उंच, हसतमुख. त्याच्याकडे बावीसची छोटी रायफल होती. तिच्या काडतुसाला ठोका कडेला बसतो. मोठ्या शिकारी काडतुसाला मधोमध टोपी असते आणि ठोका तिच्यावर बसतो, म्हणून त्यांना सेंटरफायर म्हणतात. त्याची ही पहिली सेंटरफायर. त्याला थ्री हंड्रेड मॅग्नम हवी होती, मित्राकडे होती म्हणून.

"अंकल, बिगर इज बेटर, नो?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "पहिल्या रायफलला नाही. जिचा धक्का भारी, तिला माणूस घाबरतो. घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. थ्री-झिरो-एट घे. तुझ्या बोकडाला पुरेल, धक्का सोसवेल आणि काडतुसं कुठेही मिळतील. फक्त तीनशे मीटरच्या पुढे मारू नकोस, जवळ जा."

मी इतका वेळ सलग कधी बोललो नसेन. अबू फहद खूष झाले. "टोनी बोला तो खलास."

दुर्बीण निवडायची वेळ आली तेव्हा नबिला तिच्या टोकाला उभी राहून काच पुसत होती. रिवाजाप्रमाणे मी तिला बोलवायला हवं होतं. मीच एक दुर्बीण काढली.

"किती?" अबू फहदनी विचारलं.

"सात हजार दिरहम."

पलीकडून नबिला हळूच म्हणाली, "म्हणजे दीड लाखाच्या वर. आमच्या म्हसळ्यात एवढ्यात बाइक येते, तीही लांबचं दाखवते." सगळे हसले. मलाही हसू आलं आणि ते मी गिळलं. फहदने कंदुऱ्यावरच रायफल खांद्याला लावली, म्हणाला, "पर्फेक्ट." मी तिथेच स्क्रू आवळले.

जॅकेटचं तिने पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, लाँड्रीवाला म्हणतो सापडत नाही. अर्सलानला दुसरं मिळेना, कंपनी वर्षाला एकच देते. सहा आठवडे तिने जॅकेटवाचून काम केलं. मी रोज ठरवायचो की आज काढून ठेवू, आणि रोज कुणीतरी दारातून "वेन नबिला" म्हणायचं.

मग फहद परत आला. उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी लाल खूण, टाके घातलेली. बोकड वर, कड्यावर होता. हा जाड जॅकेट घालून उतारावर पालथा झोपलेला. दुर्बिणीत काळं दिसायला लागलं म्हणून त्याने मान पुढे ताणली, आणि गोळी सुटताच दुर्बिणीची कड भुवईवर आली. बोकड निघून गेला. अबू फहद हसत होते, पण रायफल त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली नाही. सरळ दुसऱ्या टोकाला नेली. "नबिला, यल्ला, तुम देखो."

पंचवीस वर्षं मोजत आणलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून चार पावलं पलीकडे गेली.

तिने खूण बघितली, रायफल बघितली. "कौन सा जॅकेट पहना था?" फहदने हाताने जाडी दाखवली. ती माझ्याकडे वळली. "अंकल, लाँड्रीवाल्याकडे अजून एकदा बघता का?"

मी स्टोअरमध्ये गेलो. खोकं उचललं, जॅकेट काढलं, झटकलं आणि बाहेर आणलं. तिने ते घेतलं, नाकाशी नेलं आणि मला ऐकू येईल एवढंच, मराठीत म्हणाली, "लाँड्रीतून आलं तरी संत्र्याचा वास तसाच आहे. वर बंदुकीच्या तेलाचा."



तिने फहदला जॅकेट घालून गालिच्यावर झोपवलं. त्या रायफलच्या दस्त्याला मागे जाड पट्ट्या असतात, त्यातली एक तिने काढायला सांगितली. दस्ता आखूड झाला. मग डोळे मीट, उघड, पुन्हा मीट. काळं गेलं. "मान मत खींचना," ती म्हणाली, "और रेंज पे जाके निशाणा फिर से मिलाओ." मग उठून अबू फहदना म्हणाली, "रायफल अंकल ने एकदम सही दिया है. कॅलिबर यही रखो."

ती माझी बाजू घेत होती. कुणी म्हणेल, त्या क्षणी माझा जळफळाट संपला असेल. संपला नाही. उलट वाढला. एवढं चांगलं वागणंही तिलाच जमायचं.

दुपारी चहा पिताना ती म्हणाली, "या जॅकेटला इथे नीट जागा नाही असं दिसतं, अंकल. माझ्या टोकाला एक खिळा ठोकून देता?" मी ठोकून दिला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माफी मागायचं मी दर रविवारी चर्चला जाताना ठरवायचो.

पुढच्या हिवाळ्यात फहदने बोकड मारला. फोटो नबिलाच्या फोनवर आला. अबू फहद दुकानात आले तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "टोनी, कॅलिबर तुम्हारा, जानवर नबिला का." मी हसलो. त्या रात्री फोनवर कॅरलला सांगितलं नाही.

मे महिन्यात ती पुतणीच्या लग्नाला म्हसळ्याला गेली आणि तिथेच हळदीच्या दिवशी छातीत कळ आली आणि ती गेली. पंचेचाळीस वर्षांची होती. अर्सलानने फोन केला तेव्हा मी, अरे अरे, एवढंच म्हणू शकलो. आता तिच्या टोकाला मलाच उभं राहावं लागतं. लोक दारातून अजून तेच विचारतात.

म्हसळ्याला जायच्या आदल्या दुपारी तिने खिळ्यावरून जॅकेट काढून पिशवीत भरलं.

"अंकल, हे मी घरी नेते. ह्या वेळी मीच धुते."

"ने."

"जूनमध्ये परत आणते. तोवर कुणी आलं तर?"

"एवढ्या उन्हात कोण येतंय."

"तरी. आलं तर तुमचा स्वेटर द्या."

"माझा कुणाला होणार. बारीक आहे."

"बरं. येते, अंकल."

"ये."