चादर धरणाऱ्या बायका

तुळसाबाईचा राग रत्नागिरीतल्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. चर्चच्या दारात चपला वेड्यावाकड्या दिसल्या की ती चालू उपदेशातून उठून त्या सरळ करायला जायची, आणि परत येताना ज्याच्या चपला त्याच्याकडे असं बघायची की पुढच्या रविवारी तो अनवाणी येईल. पण कुणाच्या घरात बाईमाणूस गेलं की पहिलं बोलावणं तिलाच. बाईच्या प्रेताला बाईनेच शेवटची आंघोळ घालायची, हा मंडळीचा जुना रिवाज. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून उभा जन्म काढलेली तुळसाबाई हे काम जितक्या मायेने करायची, तितक्या मायेने ती जिवंत माणसाशी क्वचितच वागली असेल.

ख्रिस्ती बाईचं नाव तुळसा कसं, असं चर्चचा प्रत्येक नवा पाळक आल्या आल्या विचारायचाच. तिची आई संगमेश्वराकडची. पायांना जखमा झाल्या, त्या चिघळल्या, तेव्हा सासरच्यांनी तिला गोठ्यात झोपायला लावलं आणि भाकरी लांबून टाकली. एक दिवस ती लेकीचा हात धरून चालत निघाली ती या दवाखान्यात पोचली. तिथली एक नर्स घमेलं घेऊन जमिनीवर बसली आणि कोमट पाण्याने तिचे पाय धुऊ लागली. आई हमसून हमसून रडली. दुखत होतं म्हणून नव्हे, कित्येक महिन्यांत तिला कुणी हात लावला नव्हता म्हणून. पुढे दोघींचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पाळकाने पोरीसाठी नवं नाव सुचवलं. आई म्हणाली, हे नाव माझ्या आईने ठेवलंय, ते पाण्याने जायचं नाही.

देवाने बाईला आपल्या प्रतिरूपात घडवलं, हे तुळसाबाईने पुढे उपदेशात शेकडो वेळा ऐकलं. तिला ते आधीच कळलं होतं, त्या घमेल्यापाशी.

प्रेताला न्हाऊ घालायचं काम तिला मंडळीतल्या म्हाताऱ्या जनीबाईने शिकवलं. नवा साबण, कोमट पाणी, शेवटी सुवासाला ओडिकलोन आणि पांढरं पातळ. दोघी बायकांनी दोन बाजूंनी चादर धरायची, तोंड फिरवून उभं राहायचं, आणि चादरीआड एकटीने धुवायचं. अंगावर काही दिसलं तर ते चादरीआडच ठेवायचं. मेलेल्या बाईची लाज आपल्या हातात असते, असं जनीबाई सांगायची. तुळसाबाईने ते इमानाने पाळलं.

मग २००१ सालच्या उन्हाळ्यात रिबका गेली.

रिबका म्हणजे एसटीतून रिटायर झालेल्या भिकाजी सातपुत्यांची थोरली मुलगी, सॅमसन नेवरेकरची बायको. सॅमसन मंडळीचा सेक्रेटरी. ऑफिसात चांगली नोकरी, आवाज गोड, नाताळात सगळी गाणी तोच उचलायचा. रिबकाला पाचवा महिना होता. विहिरीच्या पायऱ्यांवरून पाय घसरला, रक्तस्राव झाला, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. सॅमसन व्हेरांड्यात डोकं धरून बसला होता आणि त्याच्या मांडीवर दोन वर्षांची कृपा झोपली होती. चादर धरायला पाळकसाहेबांच्या बायको, पाळकीणबाई, आणि शेजारची कमळा होत्या.

तुळसाबाईने रिबकाला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला. पाठभर पट्ट्याचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले. काही ताजे. कमरेच्या वर तर पट्ट्याचं बक्कल चौकोनी उमटलेलं.

"बघा," ती म्हणाली.

चादर हलली. कमळाने डोळे मिटून घेतले. पाळकीणबाईने पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि मग तोंड पुन्हा भिंतीकडे केलं.

त्या दुपारी दफनविधीत पाळकसाहेबांनी आज्ञाधारक पत्नीचे गुण सांगितले. रिबका नवऱ्याच्या अर्ध्या वचनात होती, तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, असं ते म्हणाले तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तुळसाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिचे कान तापले होते. तक्रार ऐकली नाही म्हणजे गुण झाला? कुणी विचारलं होतं का तिला?

कबरस्तानातूनच ती पाळकसाहेबांच्या मागे त्यांच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"तुळसाबाई, गेलेलं माणूस परत येणार आहे का? मंडळीचं नाव खराब होईल. प्रार्थना करा."

"प्रार्थना मी करतेच ओ. तुमी काय करणार ता सांगा."

साहेबांनी काही केलं नाही. मग ती भिकाजीकडे गेली. बाप खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "सासरी थोडा इकडेतिकडे व्हायचाच, मावशी. आता ता उगाळून काय उपयोग?" पोटच्या पोरीची पाठ फुटली आणि हा म्हणतो इकडेतिकडे! तुळसाबाई त्याच्या दारातून निघाली ती रस्ताभर मोठ्याने बोलत. रिक्षावाले वळून बघत होते. बघू देत, तिला काय त्याचं.

वर्ष सरलं आणि ठरलं काय, तर रिबकाची धाकटी बहीण सुवार्ता सॅमसनला द्यायची. कृपाला मावशीसारखी आई कुठून मिळणार, असं जो तो म्हणायला लागला. माणसं अशी कनवाळू झाली की विचारू नका. तुळसाबाईने सुवार्ताला बाजारात गाठलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय, मावशी. ताईने एकदा दंड दाखवला होता."

"मग नाय म्हण गो!"

"म्हटला. बाबांनी ऐकला नाय. आणि मी नाय गेले तर कृपाला कोण? ती त्याच्याच घरात र्‍हाणार ना."

तुळसाबाई फणफणत घरी आली आणि त्या रात्री जेवली नाही.

चर्चमध्ये लग्नाची घोषणा तीन रविवार होते. पाळक दोघांची नावं वाचतो आणि म्हणतो, कुणाला या विवाहाविरुद्ध काही कारण ठाऊक असेल तर त्याने ते आता सांगावं. मग तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात आजवर कुणी काही बोललेलं नव्हतं. तिथे लोक खोकून घ्यायचे.

पहिल्या रविवारी तुळसाबाईला जनीबाईचा शब्द आडवा आला. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली, आणि तिच्या मनात आलं की आपल्या प्रभूच्या कबरेपाशी भल्या पहाटे कोण गेलं होतं? बायकाच. कशाला? प्रेताला सुगंध लावायला, आपलंच काम. कबर रिकामी आहे, प्रभू उठलाय, हे त्यांनी पोटात ठेवलं असतं तर हे चर्च तरी उभं राहिलं असतं का? पुरुषांनी तेव्हाही त्यांना खुळ्यात काढलं होतं.

"माझ्याकडे कारण हाय," तुळसाबाई उभी राहून म्हणाली.

खोकणं थांबलं.

"बसा, तुळसाबाई," पाळकसाहेब म्हणाले. "इथे कायदेशीर हरकत विचारतात."

"रिबकाला मी न्हाऊ घातलाय. तिची पाठ पट्ट्याने फोडलेली होती. पायरीवरून घसरलेल्या बाईच्या पाठीवर बक्कल उमटत नाय, साहेब. जो पट्टा तेव्हा होता तोच आताही त्याच्या कमरेला असेल. आता तिच्या बहिणीची पाठ त्याच्या हातात देतायत, आणि ती तुमी देताय, देवाच्या नावाने!"

पुरुषांच्या बाकांतून गलका झाला. सॅमसन उभा राहिला. गोड आवाजातच म्हणाला, "म्हातारीचं डोकं फिरलंय. साक्षीदार कोण आहे हिला?"

तुळसाबाईने बायकांच्या बाकांकडे पाहिलं. कमळा मान खाली घालून बसली होती. क्षणभर वाटलं, संपलं. मग पहिल्या बाकावर पाळकीणबाई उठल्या.

"मी चादर धरली होती," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "मी त्याच दिवशी घरी सांगितलं होतं."

पाळकसाहेबांनी हातातला कागद मिटला. तेवढ्यात सुवार्ता आपल्या जागेवरून निघाली, मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाकांत शिरली, आणि सॅमसनच्या शेजारी बसलेल्या कृपाला उचलून चालायला लागली. सॅमसनने हात पुढे केला, पण सगळं चर्च बघत होतं. भिकाजी "सुवार्ता!" म्हणून ओरडला. ती थांबली नाही. ती तुळसाबाईपाशी येऊन उभी राहिली.

"मेलेल्या पोरीची अब्रू चव्हाट्यावर आणलीत," भिकाजी दातओठ खात म्हणाला.

"अब्रू तिची नाय गेली, मेल्या. मारणाऱ्याची गेली. आणि बघून गप बसणाऱ्यांची." मग ती बायकांकडे वळली. राग अजून उतरला नव्हता. "आणि तुमी सगळ्या ऐका. मेल्यावर मला पाठ दाखवू नका. तेव्हा मी फक्त धुऊ शकते. आधी या."

कृपावरून पुढे कोर्टात बरीच ओढाताण झाली आणि पाळकीणबाई तिथेही साक्षीला उभ्या राहिल्या. मंडळीतल्या काही घरांनी तुळसाबाईला बोलावणं बंद केलं. पण त्या रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी तिच्या दारात कमळा आली. तिने आत येऊन कडी लावली, तुळसाबाईकडे पाठ केली आणि ब्लाउजची बटणं काढायला लागली.