माळ्यावरची निळी मशीन

मागच्या वेळी आलात तेव्हा "आत्या, माळ्यावर ती निळी पेटी कसली?" असं तुम्ही विचारलंत आणि मी "नंतर सांगते" म्हणाले. तुमची सुट्टी संपली, सांगायचं राहिलं. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून क्रमानं लिहून काढते.

ती वेल्डिंगची मशीन आहे. तुमच्या बाबांनी मस्कतहून आणलेली. तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय अजून लागायचा होता आणि बाबांचं लग्नही व्हायचं होतं. इथं पूर्णा गावात वेल्डिंगची मशीन म्हणजे तेलानं भरलेलं, चाकांवर ढकलायचं लोखंडी धूड. ही इन्व्हर्टर मशीन मात्र एका हातात उचलता येई. दुकानासमोरचा चहावाला म्हणाला होता, "मालक, इथं समद्यांच्या दारात म्हशी हायत. तुमी शेळी आणली व्हय?"

नांदेड रस्त्यावर बाबांनी पत्र्याची शेड घेऊन त्यात वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. काम जमलं तर इथंच राहायचं, नाही तर परत मस्कत. तिथल्या कंपनीनं त्यांची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती. घरात हा विषय कोणी काढत नसे. पण तुमचे आजोबा रोज संध्याकाळी शेडपर्यंत चालत जायचे आणि परत आल्यावर, आज किती ट्रॅक्टर उभे होते, ते मला सांगायचे.

खंडेनवमीला आजोबांनीच दुकानात पूजा मांडली. बाबा मशीनचं बटण बंद करायला वाकले.

"असू दे चालू," आजोबा म्हणाले.

"अण्णा, पंखा फिरतोय आत."

"फिरू दे की. आम्ही लोकोशेडमध्ये इंजिनाची पूजा वाफ धरल्यावरच करायचो. थंड इंजिनाला कोण हात जोडतं?"

सारा जन्म रेल्वेत घालवलेला माणूस. त्याला कोण अडवणार? बाबा हसून बाजूला झाले. आजोबांनी मशीनवर हळद वाहिली, मूठभर कुंकू वाहिलं, नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडलं, झेंडूचा हार घातला. मशीन घूं घूं करत होती. किती दिवसांनी त्यांचा चेहरा तसा उजळलेला पाहिला मी.

दसरा झाल्यावर दुकान उघडलं. पालमकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरला जोडून रान उकरायचा तुटलेला मोगडा घेऊन आला होता. ज्वारीच्या पेरणीआधी त्याला रान मोगडून घ्यायचं होतं. बाबांनी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. वेल्डिंगची काडी लोखंडाला टेकवली, पण ठिणगी नाही. त्यांनी केबल तपासली, चिमटा घासून लावला, काडी बदलली. काही नाही.

"मालक, ओल उडायलीय," शेतकरी म्हणाला. "आज न्हाई जोडलं तर म्या काय धुळीत पेरू?"

"थोडं थांबा, काका."

तो थांबला, एक चहा प्याला आणि मोगडा घेऊन शेजारच्या दुकानातल्या म्हशीकडं गेला. त्याच्यामागून आलेलेही तिकडेच वळले.

बाबांनी मला शेडवर बोलावून घेतलं. मशीनचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी माझं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, बाबा मीटर लावून तपासायचे. वीज येते का? येते. पुढं जाते का? जाते. अशी पानं उलटत गेलो, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की एवढं करूनही मशीन चालत नसेल तर विक्रेत्याकडं न्या. विक्रेता मस्कतला.

मग बाबांनी झाकण उघडलं. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर लाल थर होता. पंख्यानं ओढून घेतलेलं कुंकू, नारळाच्या पाण्यानं चिकटून बसलेलं. त्याच थराखाली दोन ट्रान्झिस्टर जळून काळे पडले होते. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशनं ते हळूहळू सगळं पुसत राहिले आणि गुलाबी झालेल्या चिंध्या पुडीत बांधून शेडच्या मागं जाळून आले.

संध्याकाळी आजोबा आले. "काय झालं रे?"

"व्होल्टेजनं गेली, अण्णा."

"पूजेत काही कमी पडलं का?"

"नाही हो. व्होल्टेजच."

बाबा गाडीनं हैदराबादला जाऊन आले. तसेच ट्रान्झिस्टर मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, हे चालून जातील, तेच घेऊन आले. कथिलाचा डाग देऊन बसवले. आम्ही तिघं शेडमध्ये उभे होतो. काडी टेकवली आणि लख्ख उजेड पडला. आजोबांनी हात जोडले. पांढरी रेघ लोखंडावर बोटभर सरकली असेल, तोच आत फाटकन आवाज झाला. जळका वास आला. पंखा मात्र फिरतच राहिला. तो बंद करायला कुणाचाच हात पुढं होईना.

दिवाळीचे दिवे लागायच्या आत बाबा मस्कतला परत गेले. स्टेशनवर आजोबा त्यांच्यापाशी विजेच्या खात्यालाच नावं ठेवत होते आणि बाबा मान हलवत होते. पुढं लग्नापुरते आले, मग तुमच्या आईलाही घेऊन गेले. तुम्ही तिकडेच जन्मलात.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला आजोबांनी मला ती पेटी माळ्यावरून खाली काढायला लावली. पाटावर ठेवली. तिच्या मोठ्या पिनेचं सॉकेट घरात नव्हतं, म्हणून बंदच ठेवून पूजा केली. कुंकू मात्र दोन मुठी वाहिलं. म्हणाले, "मागच्या वेळी जरा घाईच झाली आपली."

मी नारळ त्यांच्या हातात दिला.