चपड्याच्या कारखान्याला बँकेचं कुलूप

गोंदियात आमचं घर रेल्वे लाइनीच्या पलीकडे होतं. दोन भाऊ, दोन जावा आणि एक चूल. माझे यजमान थोरले, मॅट्रिक झालेले, गावातल्या बँकेत कारकून. धाकटे भाऊजी लाखेच्या कारखान्यात. जंगलातून पळसाची, कुसुमाची लाख यायची, ती भट्टीपुढे वितळवून तिचा चपडा करायचे. भाऊजी चपडा ओढत. गरम लाखेचा पत्रा दोन्ही हातांत, पायांत आणि दातांत धरून कागदासारखा पातळ होईपर्यंत ताणायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या बोटांना चटका म्हणून लागत नसे. चुलीवरचं भांडं ते तसंच उतरवत. माझी जाऊ चिडायची, "कोणी पाह्यलं तर म्हनतीन, या घरी सांडशी नाही."

नागपूरची राजधानी गेली आणि आम्ही मुंबईच्या राज्यात आलो, त्या सुमाराला चपड्याचा भाव पडला. आमचा माल कलकत्त्याहून विलायतेला जायचा, तिकडे त्याच्या गाण्याच्या तबकड्या होत. आता तबकड्या दुसऱ्याच कशाच्या तरी होऊ लागल्या, असं यजमान सांगत. आम्हा दोघींना एवढंच कळलं की भट्ट्या एकेक करून विझत आहेत आणि भाऊजी दुपारीच येऊन ओट्यावर बसतात.

भाऊजींच्या कारखान्याच्या शेठचा माल गोदामात पडून राहिला. त्या मालावर बँकेचं कर्ज होतं, आणि असे शेठ गावात बरेच होते. एका सकाळी गावभर झालं, बँक बुडाली. यजमान दुपारी घरी आले ते सदऱ्याची बटणं तुटलेली. पाठोपाठ आमच्या दारात लोक. भाजीवाली आली, रेल्वेतला म्हातारा गार्ड आला. "बाबू, हमारा पैसा?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. यजमानांनी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते? लोक गेल्यावर जाऊ मला आत ओढून म्हणाली, "बाई, माहे हातातले गोट विकून मीनंबी पैसे तेथंच ठेवले. ह्यायले सांगू नका."

बँकेचं दार बंद राहिलं. मग बाहेरून साहेब आले, पोलीस बसले, कागद हलले. मुंबई-दिल्लीला काय बोलणं झालं ते आम्हाला कुठून कळणार? पण सरकारनं मध्ये पडून आमची बँक एका मोठ्या बँकेत घातली. लोकांचे पैसे थोडे थोडे करून मिळतील, नोकरांच्या नोकऱ्या राहतील, असं ठरलं. त्या दिवशी यजमान कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

भाऊजी शेजारीच जेवत होते. म्हणाले, "दादा, बँकेले सरकारनं उभं केलं. मंग आमच्या कारखान्याले काऊन नाही करत?"

"बँकेत साऱ्या गावाचा पैसा असते रे."

"अन् कारखान्यात गावची मानसं नाहीत का?"

यजमान भात कालवत राहिले. भाऊजी भांडत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

चारपाच कामगार मिळून ते भंडाऱ्याला जिल्ह्याच्या साहेबाकडे गेले. परतले तेव्हा मी विचारलं, "काय झालं भाऊजी?"

"साहेब चांगला होता. बसा म्हने, चहा पाजला. बँक बुडाली तर सारेच बुडतेत म्हने, कारखाना मात्र शेठचा धंदा आहे, त्यात सरकार कसं पडन? अर्ज मुंबईले पाठवतो म्हने." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नागपूर असतं तर जाऊन आलो असतो, वहिनी. मुंबई कोनं पाह्यली?"

आणि तिथेच ओट्यावर ते झोपून गेले. मुंबईहून काही आलं नाही.

नव्या बँकेनं जुनी कर्जं वसुलीला काढली. शेठकडे द्यायला काही नव्हतं. एक दिवस बँकेची माणसं माल ताब्यात घ्यायला कारखान्यावर गेली, आणि त्यांत यजमान होते. "मी येत नाही" म्हणायची सोय नव्हती. नोकरी नुकतीच वाचली होती. पोती बाहेर काढायला हमाल हवे होते. फाटकाशी बसलेल्या कामगारांनाच त्या दिवसाची मजुरी देऊन लावलं. भाऊजीही उठले. आपणच ओढलेला चपडा त्यांनी पाठीवर वाहून, थोरला भाऊ वजन करत होता त्या काट्यावर ठेवला. संध्याकाळी फाटकाला बँकेचं कुलूप लागलं.

हे मला दोघांपैकी कोणी सांगितलं नाही. शेजारणीनं सांगितलं. रात्री दोघे भाऊ जेवायला बसले. यजमान म्हणाले, "बँकेत शिपायाची जागा निघन. साहेबाले बोलू?"

"नोको दादा. आता हात भट्टीचे झाले."

मग भाऊजींनी स्वतःच विषय बदलला, यंदाचं धान कसं आहे ते विचारलं. यजमानांनीही उत्तर दिलं. पण यजमानांचा चेहरा त्या रात्रीनंतर जो ओढलेला झाला, तो पुढे तसाच राहिला.

तेव्हा भिलाईला सरकारी पोलादाचा कारखाना उभा राहत होता. इकडचे पुष्कळ लोक गाडीत बसून तिकडे जात. भाऊजीही निघाले. भाड्याला आणि तिकडच्या खोलीला पैसे नव्हते. तेव्हा जावेनं बँकेतून परत मिळालेले आपले पैसे त्यांच्यापुढे ठेवले. भाऊजी बघतच राहिले.

"कुठचे हे?"

"माहे गोट होते. बँकेत होते."

भाऊजी हसले. खूप दिवसांनी हसताना पाहिलं मी त्यांना. "म्हंजे आपलेच वाचवले सरकारनं," म्हणाले. टोमणा होता की नाही, मला अजून सांगता येत नाही.

भिलाईत त्यांना मालगाडीतून चुना उतरवायचं काम मिळालं. दिवाळीला येत, पोरांना खेळवत, परत जात. कारखान्याच्या आवारात पुढे कोणी लाकडाची वखार घातली. यजमानांची बदली झाली, बढती झाली. माझे चार पैसे आजही बँकेतच आहेत. दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?