चुलतेमच्या डेलिकाची झालर

आमच्या तामीर नदीकाठच्या तंबूंच्या वस्तीत चुलतेमइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलोय. तपकिरीची बाटली पुढे केली तर आधी बाटलीचा वास घेतो, मग माझ्याकडे बघतो, मग चिमूट उचलतो. चाळीस वर्षांचा शेजार आहे. अजूनही मी माझ्या कुत्र्याला हाक मारली की ह्याला वाटतं, कुणाला तरी खूण केली.

त्यात त्याच्याकडे डेलिका आली.

डेलिका म्हणजे जपानात वापरून झालेली आणि आमच्याकडे पोचलेली व्हॅन. नाक नावाला नाही, उंची उंटाची, चारही चाकांना जोर. इंजिन चालकाच्या ढुंगणाखाली, त्यामुळे थंडीत बूड शेकतं. स्टिअरिंग चुकीच्या बाजूला, पण आमच्याकडे रस्ताच नाही तर बाजू कुठली? छपराला काचा, त्यातून उडणारे क्रौंच दिसतात. चालकाच्या मागे सोनेरी झालरीचा पडदा. आणि किल्ली फिरवली की आतली जपानी बाई एक वाक्य फार अदबीनं बोलते. काय बोलते ते देव जाणे. चुलतेमची बायको दोलगोर म्हणते, "सकाळी सकाळी परक्या माणसाशी इतकं गोड कोण बोलतं?"

ही गाडी चुलतेमनं त्याचा लाल घोडा देऊन घेतली. त्याआधीच्या वाईट हिवाळ्यात त्याची सगळी जनावरं बर्फाखाली गेली, तो एक घोडा उरला होता. देताना त्यानं रीतीप्रमाणे शेपटीचे चार केस कापून ठेवले. आमच्याकडे जनावर देणारा केस ठेवून घेतो. नाही ठेवले तर घरातली सगळी बरकत त्या जनावरामागे चालू पडते. ते केस त्यानं डेलिकाच्या आरशाला बांधले. म्हणजे घोडाही तीच आणि गाडीही तीच. ती गेली असती तर चुलतेमकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नसतं.

आता झालं असं. पानगळीच्या दिवसांत, चुलतेम शेणी आणायला गेला असताना, एक शहरी बुटांचा माणूस आला. त्यानं डेलिकाला तीन फेऱ्या घातल्या. दोलगोरनं दार उघडून दिलं, त्यानं सीट उचलून आत बघितलं, चहा प्यायला, गेला.

मी पाहिलं. पाहिलेलं सांगायचं नाही, तर डोळे कशाला? दोलगोरला म्हटलं, "वहिनी, गिऱ्हाईक वाटलं मला. चुलतेमनं बोलावलं असेल." चुलतेम परतल्यावर त्यालाही म्हटलं, "वहिनी बराच वेळ बोलत होत्या हो त्याच्याशी." दोन्ही वाक्यांत खोटा शब्द एक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतेम माझ्या दारात. चेहरा ताकासारखा.

"गाडी विकली कुणीतरी."

"ती काय उभी आहे की."

"झालर बघ म्हणतो!"

बघितली. पडद्याच्या डाव्या टोकाची चार बोटं झालर नाही. फाटलेली नाही, कात्रीनं कापलेली.

"केस ठेवून घेतलेत," तो कुजबुजला. "विकल्याशिवाय कोण ठेवतं? म्हातारीनंच विकली."

"नवरा-बायकोत मी पडत नाही," मी म्हणालो, आणि बसायला जागा केली.

त्या दिवसापासून चुलतेम झाडाला बांधल्यासारखा गाडीभोवती. लोणी लावून टायर चमकवायचा, म्हणजे कुणी हात लावला तर बोटं उमटतील. आरशावरचे केस सोडवून छातीशी अंगरख्यात घातले. बॅटरीची तार उपटली, तीही अंगरख्यात. दोलगोरनं हे सगळं पाहिलं आणि तिचं गणित वेगळंच जमलं: म्हातारा गाडी चमकवतोय, घोड्याचे केस काढून घेतलेत, सौदा पक्का! वाट सुखाची व्हावी म्हणून निघताना चाकांवर दूध शिंपडायची रीत, ती तिनं बंद केली. ते पाहून चुलतेमची उरलीसुरली खात्री पटली. चार दिवस दोघं एका चुलीवरचा चहा पाठमोरी बसून प्यायली.

पाचव्या दिवशी दोलगोरच्या बहिणीकडे नातीचं जावळ होतं. दोलगोर पुढे बसली, मी मागे. जावळाला मला कोण टाळणार? चुलतेमनं सवयीनं किल्ली फिरवली. जपानी बाई बोलली नाही.

"तिलाही गप्प केलंस," दोलगोर म्हणाली. "विकलीसच ना, म्हाताऱ्या?"

"मी विकली? तू विकलीस! झालर कुणी कापली?"

"मी कापली! तू विकणार, आणि घाईत बरकत गिऱ्हाइकाबरोबर पाठवून देणार. घराचा विचार कुणीतरी करायला नको?" तिनं अंगरख्यातून झालर काढून त्याच्या नाकापुढे धरली.

चुलतेमनंही छातीत हात घातला. केस निघाले, मागोमाग तार निघाली. दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिली. मग दोघांनी मान वळवली. माझ्याकडे.

"तो शहरी बूट कोण होता?" चुलतेमनं विचारलं.

"तो? असलीच डेलिका आहे त्याची. नदीत अडकली होती. इंजिनचा पट्टा तुटलेला, कसा बसवतात ते बघायला आला होता."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कुणी विचारलंच नाही."

त्यापुढचं लिहिण्यासारखं नाही. दोलगोरच्या माहेरचे लोक तोंडाळ.

पण झालरीचा प्रश्न उरलाच. कापलेलं पुन्हा जोडत नाहीत. दोलगोर खाली उतरली, तंबूत गेली, पेटीचं कुलूप वाजलं, आणि दुधाचा डाव घेऊन बाहेर आली.

"बरकत माझ्या पेटीत. तू गाडी चालव."

"म्हणजे गाडी कुणाची?"

"चालव म्हटलं ना!"

तिनं चारही चाकांवर दूध शिंपडलं. चुलतेमनं तार जोडली. बाई बोलली.

"काय म्हणाली?" दोलगोरनं विचारलं.

"सगळे नीट बसले का, विचारतेय," चुलतेम म्हणाला.

"मागे म्हणाला होतास, हवा छान आहे म्हणते."

जावळाला पोचेपर्यंत मला कुणी चहाही विचारला नाही.

डेलिका अजून चुलतेमच्याच दारात उभी आहे. दारं आता उघडीच असतात. त्याचं तिकडे लक्ष कमी झालंय. कालच माझ्याकडे आला, तपकिरीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, "शेजारी, म्हातारीची पेटी भिंतीपासून जरा पुढे सरकल्यासारखी वाटते का रे?"

"वाटते बुवा," मी म्हणालो.