लेझरवरची झडप

काकू लेझरची राखणदार. आमच्या केंद्राच्या छताला काचेची एक खिडकी आहे. तिच्यातून हिरवा किरण सरळ वर जातो, उंच ढगांतल्या बर्फाच्या कणांवर आपटून परततो, आणि ढगात काय चाललंय ते पडद्यावर उमटतं. वाटेत विमान आलं की बटण दाबून झडप लावायची, नाहीतर वैमानिकाचे डोळे जायचे. हे काम काकूचं, आणि तिच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नसे.

काका त्याच ढगांत विमान घालून कण गोळा करून आणायचा. वर तो, खाली मी, असा आमचा संसार, असं ती हसत सांगायची. एक दिवस विमान ढगात शिरलं ते शिरलंच. काहीच सापडलं नाही. काकू पुन्हा कामावर आली, आणि सांत्वनाला आलेल्यांना पडद्याकडे बोट दाखवून गप्प करू लागली.

पुढे साहेबांच्या लक्षात आलं की नोंदींना भोकं पडताहेत. एका ठरावीक उंचीवर तेजस्वी रेघ उमटली, की काकू झडप लावते. रेघ म्हणजे ढगात आडवे पहुडलेले चपटे कण. आरशासारखा उजेड सरळ खाली फेकतात. काकूला हे पाठ होतं. पण काकाचं विमान हरवलं ती हीच उंची होती. साहेब वैतागले. यंत्र जरा तिरकं करा, रेघ दिसणारच नाही. आणि यापुढे उगाच झडप लावली तर खुर्ची सोडा, म्हणाले. मलाही तिचा राग आला. गेलेल्या माणसापायी हातची नोकरी घालवायची का, असं मी तिला तोंडावर विचारलं.

"त्याच्या डोळ्यांत जाईल रे," एवढंच ती म्हणाली.

शेवटी तिने साहेबांना शब्द दिला. यंत्र स्वतःच तिरकं केलं, स्क्रू आवळले. रेघ गेली. काकू हात मांडीवर ठेवून बसू लागली. मला हायसं वाटलं, पण तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका दुपारी, साहेब मागेच उभे असताना, तिरक्या किरणात रेघ उमटली. त्याच उंचीवर. आडव्या कणांची ती असूच शकत नव्हती. मी खिडकीतून पाहिलं. विमानाचा मागमूस नव्हता. काकूचा हात मांडीवरच होता, दिलेला शब्द मोडत नव्हता.

झडप मी लावली.

"काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"विमान," मी म्हणालो.