माळवदावरची राजधानी

माझा जन्म तेरचा. म्हणजे एका राजधानीचा, पण ही गोष्ट मला चांगली मोठी होऊन मास्तरीण झाल्यावर कळली. तोवर तेर म्हणजे तेरणा नदी, शाळा आणि गावाला खेटून असलेली पांढऱ्या मातीची टेकाडं. त्या टेकाडांना आम्ही नुसतं ‘पांढरी’ म्हणायचो. पावसानं धुऊन निघाली की पांढरीतून मणी वर यायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यायचे, खापरं तर ढिगानं. चांगलं गुळगुळीत खापर बघून आम्ही पोरी त्यानं ठिकरी खेळायचो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईची बांगडी माझ्या फ्रॉकच्या खिशात असायची आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटायचं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माळवदं घालायचे. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली लाकडी तुळया, तुळयांवर सर म्हणजे आडव्या बारीक कड्या, सरांवर काठ्या एकीला एक लावून मांडायच्या, त्या थराला किलचन म्हणतात. मग पाला, चिखल आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी. काळी माती फुगते, भेगाळते. पांढरी एकदा दाबून बसवली की थेंब आत येऊ देत नाही. त्यामुळं उन्हाळा लागला की अण्णा टिकाव घेऊन टेकाडावर, आणि खाली बैलगाडी उभी. असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. अण्णांनी घातलेलं माळवद गळलं, असं बोलायची गावात कुणाची टाप नव्हती.

आता मी कळंबला शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात पोरांना सहलीला घेऊन तेरला आले. येरमाळ्यापासून येडशीपर्यंत गाडीत माझी टकळी चालू होती. संग्रहालयात तर मला चेवच चढला. ‘बघा रे, ही हस्तिदंताची बाई! हे दिवे बघा! आपलं तेर म्हणजे जुनं तगर. इथला माल समुद्रापलीकडं जायचा. पुढं कोकणात राज्य करणारे राजेसुद्धा आपण तगरचे धनी म्हणून मिरवायचे!’ पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. तिथं गप्प बसायचं ना! पण एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. मी पुढं म्हणाले, ‘आणि एवढी मोठी नगरी आपल्याच अडाणी माणसांनी टिकावानं खणली आणि गाड्या भरभरून नेली. कशाला? तर माळवदावर टाकायला!’

पोरं खो-खो हसली. मी पण हसले. मग दाराकडं बघितलं तर अण्णा उभे. लेक पोरांना कशी शिकवते ते बघायला आले होते, हातात पेरूंची पिशवी. त्यांनी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि वळून चालू लागले. जमीन फाटून मला गिळेल तर बरं, असं झालं मला.

संध्याकाळी घरी गेले तर ते बाजेवर पडून वर माळवदाकडं बघत होते. मला म्हणाले, ‘म्या लई मोठं पाप केलं गं. आख्खी राजधानी खोरली ह्या हातांनी.’ मी नाना परीनं समजावलं. तुम्हाला काय माहीत होतं, सगळेच नेत होते, सरकारनं तरी कुठं अडवलं. ऐकतील तर शपथ. त्यानंतर ते माळवदाच्या कामाबद्दल चकार शब्द बोलेनात. कुणी विषय काढला तर उठून जात. भाऊ फोनवर सांगायचा, ‘ताई, अण्णा जेवतेत, झोपतेत, पर घरात असून नसल्यागत.’ हे सगळं माझ्या जिभेनं केलं होतं.

उन्हाळ्यात भावानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. अण्णांची एकच अट, माळवदावरची माती पांढरीला परत द्यायची.

‘अवं अण्णा,’ भाऊ वैतागला, ‘घरात आयता भराव पडलाय. ती माती तिकडं टाकून मी मुरूम कशाला आणू?’

‘तिची तिला देयाची. म्हंजी मला मरायला मोकळं.’

भाऊ माळवद उतरवायला लागला. मी रजा टाकून आले. भाऊ ट्रॅक्टर चालवायला, मागं ट्रॉलीत माती, आणि मातीवर अण्णा धुतलेलं धोतर नेसून बसलेले. मी पाठोपाठ स्कूटीवर.

टेकाडाला आता तारेचं कुंपण आहे. वॉचमन बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, ‘आजोबा, हितला खडा उचलायचा न्हाय, आन् हितं खडा टाकायचा बी न्हाय. जुन्यात नवं मिसळलं तर खोदणाऱ्यानं काय समजायचं?’

माझं डोकंच फिरलं. ‘नेताना कुणी अडवलं नाही आणि परत देताना अडवता होय?’ मी तावातावानं भांडले. तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. पण अण्णांचं काय करायचं? ते कुंपणाच्या बाहेर, जिथं पावसानं टेकाडाचा काठ कापून ओघळ पडलाय, तिथं जाऊन मटकन बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेली तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच.

मी जवळ जाऊन बसले. अण्णांची नजर ओघळाच्या कापावर गेली आणि तिथंच थांबली. भाजून लाल झालेल्या मातीचा एक थर होता, त्यातून एक ढेकूळ अर्धं बाहेर आलेलं. त्याच्या खालच्या अंगाला ओळीनं पन्हळी होत्या.

‘ह्ये किलचन हाय,’ अण्णा म्हणाले.

‘अण्णा, कसलं तरी भांडं असेल.’

‘गप ए. मला शिकवती व्हय?’

कित्येक महिन्यांनी ते माझ्यावर खेकसले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ते उठले, ट्रॉलीतून आमच्या माळवदाचं एक ढेकूळ उचलून आणलं. त्याच्याही खाली काठ्यांचे ठसे होतेच. ते कापातल्या ढेकळाशेजारी धरलं. तीच जाडी, तीच ओळ. त्यांनी कापातल्या पन्हळीत बोट घातलं, हळूच, गरम तव्याला लावावं तसं. ‘बग. काट्या किती चिकटून मांडल्यात. कारागीर हुता गं ह्यो.’

वॉचमन कधी मागं येऊन उभा राहिला कळलंच नाही. तो म्हणाला, ‘खोदाईवाले सायब बी ह्येच सांगत हुते. घर जळून पडलं की माळवदाची माती अशी भाजून निगती. ही समदी टेकडी म्हंजी पडलेली घरंच हायती, एकावर एक.’

तोवर राजधानी म्हटलं की मला राजा दिसायचा, हस्तिदंत दिसायचं. पण त्या राजधानीत भर उन्हात वर उकिडवा बसून काठीला काठी लावणारा एक माणूस होता. खालून त्याची बायको ओरडली असेल, ‘अहो, भाकरीत माती पडतीय!’ आमची आई ओरडायची तशीच. मग ते घर पडलं, नगर पडलं, राजेही गेले. माती मात्र तिथंच पडून राहिली आणि माझ्या बापानं ती परत उचलून लोकांच्या डोक्यावर चढवली. म्हणजे अण्णांनी जी पांढरी नेली, ती आधीपासून माळवदाचीच होती. आम्ही राजधानीच्या छपराखाली वाढलो आणि मी चार बुकं शिकून त्या माणसाला अडाणी म्हणाले.

‘अण्णा, माझं चुकलं,’ मी म्हणाले, आणि मला हुंदकाच फुटला.

‘तुजं काय चुकलं? तुला किलचन कुटं ठावं हुतं!’ त्यांनी हात झटकले आणि भावाला हाक दिली. ‘ट्रॅक्टर फिरव रं! घाल भरावाला. घराची माती घरातच ऱ्हाऊ दे.’ मग माझ्याकडं वळून म्हणाले, ‘आन् ती पोरं परत आण. म्या सांगतो त्यास्नी.’

शाळा उघडल्यावर मी पोरांना परत तेरला आणलं. यावेळी तोंडाला कुलूप लावून मागं उभी राहिले. कुंपणापाशी अण्णा ताठ उभे होते. एका पोरीनं विचारलं, ‘आजोबा, तुम्ही इथले कोण?’

अण्णांनी टेकाडाकडं एकदा बघितलं.

‘म्या? ह्या राजधानीत चाळीस वर्सं कामाला हुतो.’